कुंडीलाही वाफसा लागतो



आज बचतीचा हिशोब नाही, हप्ता नाही, फॉर्म भरणं नाही. आज आपल्या दारातल्या कुंड्यांबद्दल बोलू या. मोगरा, जास्वंद, गुलाब, शेवंती, अबोली, काहीच नसलं तरी तेलाच्या डब्यात एक सदाफुली, असं कुणाच्या दारात नाही? आणि आज फक्त एकाच गोष्टीचं बोलायचंय, ते म्हणजे पाणी घालण्याचं.

तुमच्या मनात आलंच असेल, "कुंडीला पाणी घालायचं, त्यात शिकायचं काय?" मलाही तसंच वाटायचं. म्हणून आधी माझं काय झालं ते सांगते.

माझ्या आईनं माहेरच्या अंगणात मोगरा लावला होता. तिनंच त्याची एक फांदी वाकवून मातीत दाबली, वर वीट ठेवली आणि मुळं फुटल्यावर ते रोप मला दिलं. त्यानंतर वर्षभरात आई गेली. पुढं भावानं घर पाडून नवीन बांधलं, त्यात अंगणातला मोगरा गेला. माझ्याकडचं रोप तेवढं राहिलं. मी ते तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्यात लावलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याला कळ्या आल्या तेव्हा मी दारात बसून रडले होते.

आमचा भाग माणदेशाचा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा. त्या वर्षी ऊन कडक होतं. घरातल्या सगळ्यांना आंघोळीला बादली मोजून मिळायची, तरी मी माझ्या बादलीतलं पाणी राखून त्या मोगऱ्याला सकाळी एक तांब्या आणि संध्याकाळी एक तांब्या घालायचे. मे महिन्यात त्याची खालची पानं पिवळी पडायला लागली. मग शेंडे माना टाकायला लागले. मला वाटलं, तहानलाय बिचारा. मी दुपारचा तिसरा तांब्या सुरू केला. पंधरा दिवसांत झाड गेलं.

मी सगळ्यांना सांगत सुटले, "उन्हानं गेलं हो झाड, पाणी कमी पडलं." आमचे चुलत सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते आले आणि त्यांनी ते झाड मातीसकट उपसून माझ्यापुढं धरलं. मुळं काळी पडलेली, बोटानं दाबली की साल निघून हातात येत होती. तळाला नुसता चिखल, आणि वास गटारासारखा. डब्याला खाली खिळ्यानं पाडलेली दोन भोकं मातीनं बुजून गेली होती. आबा म्हणाले, "उन्हानं नाही गेलं, सूनबाई. हे बुडून मेलं. रानात वाफसा आल्याशिवाय पाय टाकत नाहीस तू, मग कुंडीचा वाफसा का नाही बघितलास?"

ते वाक्य माझ्या कायमचं लक्षात राहिलं. आणि आजचं सगळं बोलणं त्या एका शब्दावर आहे, वाफसा.

वाफसा म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे

आपण शेतात राबणाऱ्या बायका. पाऊस पडल्या पडल्या कुणी पेरत नाही, कुणी कोळपत नाही. जमीन थोडी निथळू देतो. मूठभर माती घेऊन दाबतो. पाणी सुटलं, हाताला चिखल लागला, तर अजून थांबायचं. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला. म्हणजे मातीच्या कणांना ओल आहे, पण दोन कणांच्या मधल्या जागेत पाणी तुंबलेलं नाही, तिथं हवा आहे.

मुळांना हे दोन्ही लागतं. पाणी लागतं तशी हवाही लागते, कारण मुळं श्वास घेतात. मातीतल्या सगळ्या फटी कायम पाण्यानं भरलेल्या राहिल्या तर मुळं गुदमरतात, मग कुजतात, त्यांच्यावर बुरशी चढते. आणि आता खरी मेख ऐका. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे भोवती पाणीच पाणी असताना झाड वरून तहानेनं सुकतं. पानं माना टाकतात, आणि आपण ती बघून आणखी पाणी ओततो. माझ्या मोगऱ्याचं नेमकं हेच झालं.

शेतात एवढं बिघडत नाही, कारण जास्तीचं पाणी खाली जायला जमीन खोल असते आणि मुळांना बाजूला पसरायला जागा असते. कुंडीत मुळांना वीतभर माती असते आणि तळाला एकच वाट, ते भोक. ती वाट बुजली की कुंडी म्हणजे डबकं. म्हणून शेतापेक्षा कुंडीत वाफसा जास्त बघावा लागतो.

घड्याळ बघू नका, माती बघा

"दिवसातून किती वेळा पाणी घालू?" असं मला पुष्कळ जणी विचारतात. या प्रश्नाला उत्तरच नाही. ऊन किती, वारा किती, कुंडी मातीची की प्लास्टिकची, झाड केवढं, यावर ते ठरतं. उत्तर मातीत असतं, आणि ते काढायच्या चार पद्धती आहेत. एकीलाही पैसा लागत नाही.

पहिली, बोट. कुंडीच्या मातीत बोट दोन पेरं आत खुपसा. वरून माती कोरडी दिसते, पण आत ओल आणि गारवा लागला तर पाणी घालू नका. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तर घाला.

दुसरी, काडी. कुंडी मोठी असेल तर ढोकळा शिजला का बघायला आपण सुरी खुपसतो ना, तशी एखादी कोरडी काडी कडेनं खोल घाला आणि थोड्या वेळानं काढा. काडी ओली निघाली, माती चिकटून आली, तर थांबा.

तिसरी, वजन. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून बघा, आणि सुकल्यावर पुन्हा उचलून बघा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यामुळं फरक हाताला लगेच कळतो. हंडा भरलाय की अर्धा आहे हे आपल्याला उचलताच कळतं, तसंच हे. आठ दिवसांत हाताला सवय होते.

चौथी, आवाज. ही फक्त मातीच्या कुंडीसाठी. बाजारात मडकं घेताना आपण बोटाच्या गाठीनं वाजवून बघतो. तशी कुंडी वाजवा. सुकलेली कुंडी खणखणीत वाजते, ओली कुंडी बद्द वाजते.

झाडाकडं बघूनही कळतं, पण तिथं फसायला होतं. म्हणून फरक नीट लक्षात ठेवा. पाणी कमी पडलं असेल तर पानाच्या कडा वाळून कुरकुरीत होतात, माती कुंडीच्या भिंतीपासून सुटते, कळ्या गळतात, कुंडी हलकी लागते, आणि पाणी दिलं की काही तासांत झाड ताजं होतं. पाणी जास्त झालं असेल तर खालची पानं पिवळी आणि मऊ पडतात, मातीला आंबट वास येतो, वर हिरवं शेवाळ धरतं, बारीक चिलटं उडतात, आणि माती ओली असूनही झाड मान टाकतं. दोन्हीत मान टाकतं, म्हणून मान बघून तांब्या उचलू नका. आधी बोट घाला.

आणखी एक. भर उन्हाळ्यात जास्वंदीसारखी रुंद पानांची झाडं दुपारी दोन-तीन वाजता थोडी मलूल होतातच. पानातून उडून जाणारं पाणी मुळांच्या ओढीपेक्षा जास्त होतं त्या वेळी. माती ओली असेल तर काही करू नका. ऊन उतरल्यावर झाड आपोआप सावरतं. संध्याकाळीही सावरलं नाही, तर पुन्हा माती तपासा.

घालायचं तेव्हा पोटभर घाला

काही जणी भीतीनं रोज थोडं थोडं शिंपडतात. वरची माती भिजते, खालची कोरडी राहते. मग मुळं ओलीच्या मागं वर वर येतात आणि एका दिवसाच्या कडक उन्हात भाजतात. तेव्हा नियम असा ठेवा. वाट बघून घाला, पण घालाल तेव्हा पोटभर घाला.

पोटभर म्हणजे किती? तळाच्या भोकातून पाणी ठिबकायला लागेपर्यंत. साधारण दहा इंची कुंडीला एक ते दीड तांब्या लागतो. एकदम ओतू नका. तांब्याची धार मोठी असते, माती खणली जाते आणि मुळं उघडी पडतात. अर्धा तांब्या घालायचा, तो जिरू द्यायचा, मग उरलेला. झारी नसली तर प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला गरम सुईनं भोकं पाडा, झारी तयार.

कधी असं होतं, की पाणी घालताच खालून सगळं वाहून जातं आणि आपल्याला वाटतं, भिजली कुंडी. मातीचा गोळा पार सुकला की आकसतो, भिंतीला फट पडते, आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं. आतला गोळा कोरडाच. नारळाच्या भुश्शात लावलेल्या रोपांचं हे हमखास होतं. अशी कुंडी टोपल्यात किंवा घमेल्यात ठेवा, निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास राहू द्या. बुडबुडे थांबले आणि वरची माती ओली दिसली की काढून निथळत ठेवा. उरलेलं पाणी दुसऱ्या कुंडीला घाला.

वेळ सकाळची बरी. दिवसभराच्या उन्हाला झाड तयार होतं आणि चुकून पानं भिजली तरी वाळून जातात. सकाळी जमलं नाही तर संध्याकाळी घाला, पण मुळाशी घाला, पानांवर नको. गुलाबाची पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके धरतात. आणि नळी वापरत असाल तर उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी कढत असतं, ते आधी बादलीत काढून घ्या.

पाणी जायची वाट मोकळी हवी

तेलाचा डबा, रंगाची बादली, फुटका टब, आपल्या कुंड्या अशाच असतात, आणि त्यात काही वावगं नाही. फक्त तळाला बोटाएवढी चार-पाच भोकं पाडा. प्रत्येक भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा, म्हणजे पाणी जातं आणि माती अडते. डबा दोन विटांवर ठेवा, जमिनीला टेकवू नका. माझ्या डब्याची भोकं बारीक होती आणि खाली खापर नव्हतं, दोन्ही चुका मी केल्या होत्या.

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. शेतात ती सोनं, पण कुंडीत भिजली की लोण्यासारखी चिकटते आणि सुकली की भेगाळते. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटेचा चुरा, एवढं मिश्रण पुरतं. वरून दोन बोटं जागा मोकळी ठेवा, म्हणजे पाणी बाहेर न सांडता जिरतं.

मातीच्या वर भुईमुगाची टरफलं, उसाचं पाचट किंवा वाळला पाला अंथरा. ऊन थेट मातीला लागत नाही आणि ओल जास्त वेळ टिकते. पाला खोडाला चिकटवू नका, खोडाभोवती दोन बोटं जागा सोडा.

कुंडीखालच्या ताटलीबद्दल एक कळकळीचं सांगणं. ताटलीत साठलेलं पाणी मुळांना तर घातकच, पण माणसांनाही घातक आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास अशाच थोड्याशा साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आशाताई आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. त्या दिवशी ताटली नुसती ओतू नका, काथ्यानं घासा. अंडी काठाला चिकटून बसतात, कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात.

कोणतं पाणी चालतं, कोणतं नाही

आपल्याकडं पाणी विकतचं किंवा डोक्यावरून आणलेलं, तेव्हा वापरलेलं पाणी झाडाला घालणं शहाणपणाचंच. पण सगळंच चालत नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, पिण्याच्या हंड्यातलं शिळं पाणी खुशाल घाला. मीठ घालून उकडलेलं पाणी नको. कपड्याच्या पावडरीचं आणि भांड्याच्या साबणाचं पाणीही कुंडीला नको, कारण त्यातले क्षार वीतभर मातीत साठत जातात. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी परसातल्या मोठ्या झाडाला घालता येतं, कुंडीला टाळलेलं बरं.

बोअरचं पाणी खारं असेल तर मातीवर आणि कुंडीच्या बाहेरून पांढरा थर धरतो. तो क्षार. पानांच्या कडा करपतात त्या त्यामुळंही. तो वरचा मातीचा थर खरवडून काढा, नवी माती आणि शेणखत घाला. आणि पहिले मोठे पाऊस आले की कुंड्या पागोळ्याखाली न ठेवता मोकळ्यावर ठेवा. पावसाचं गोडं पाणी भरपूर निथळून जाऊ द्या, म्हणजे क्षार धुऊन जातात. खालची भोकं मोकळी असतील तरच हे करा.

ऋतू बदलला की हात बदला

उन्हाळ्यात उन्हातली छोटी प्लास्टिकची कुंडी रोज सुकते, कधी दोनदा बघावी लागते. मातीची कुंडी भिंतीतूनही पाणी सोडते, म्हणून ती गार राहते पण लवकर सुकते. कुंड्या एकमेकींना चिकटून, दुपारची सावली येईल अशा जागी ठेवल्या तर पाणी कमी लागतं.

पावसाळ्यात दोन उलट्या चुका होतात. उघड्यावरच्या कुंड्या तुंबतात, आणि पडवीतल्या कुंड्या सुकतात, कारण "पाऊस चाललाय की" म्हणून कुणी बघतच नाही. दाट पानांचं झाड छत्रीसारखं पाऊस बाहेर टाकतं, त्यामुळं भुरभुर पावसात उघड्यावरची मातीही कधी कोरडी निघते. बोट घालून बघा. हिवाळ्यात तीन-चार दिवसांतून एकदा पाणी बहुतेक झाडांना पुरतं.

झाडाझाडाचंही वेगळं. जास्वंद तहानेली, कळ्या धरल्यावर तिला कोरडं पडू दिलं तर कळ्या गळतात. शेवंतीलाही कळ्यांच्या वेळी ओल सांभाळावी लागते, पण तुंबलेलं पाणी तिला मुळीच सोसत नाही. गुलाब मधला. सदाफुली कमी पाण्यावर खूश. कोरफडीला तर माती पूर्ण वाळल्यावरच पाणी.

तुळशीबद्दल थोडं भीतभीतच बोलते. आपण आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालतो. घरात तिघी असल्या तर तिघी तीन तांबे घालतात. पावसाळ्यात मग तुळस काळी पडते आणि आपल्या मनाला रुखरुख लागते. माझ्या सासूबाईंनी यावर तोडगा काढला. त्या म्हणाल्या, "अगं, देवाला पळीभर पुरतं." आता आम्ही दोघी पूजेला पळीभर पाणी घालतो आणि तांब्या मात्र माती बघून.

मोगऱ्याचा ताण

मोगऱ्याला भरपूर पाणी आहे, पानं हिरवीगार आहेत, पण कळी नाही, अशी तक्रार बऱ्याच जणी करतात. याचंही उत्तर आपल्या शेतीत आहे. सांगोला, आटपाडीकडं डाळिंबाचा बहार धरताना झाडाला ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात. मोगऱ्याचंही तसंच. डिसेंबरपासून पाणी कमी करत न्यायचं. जुनी पानं पिवळी होऊन गळतात, घाबरू नका. जानेवारीच्या अखेरीस वाळक्या आणि दाटीच्या फांद्या छाटा, वरची माती हलवून दोन मुठी शेणखत घाला आणि मग हळूहळू पाणी वाढवा. नवी फूट येते आणि कळ्या त्या नव्या फुटीवर लागतात. एकदा कळ्या दिसल्या की मात्र ताण द्यायचा नाही. रोप वर्षाच्या आतलं असेल तर त्याला ताण देऊ नका, आणि मोठ्यालाही माती पार धूळ होईपर्यंत कोरडं ठेवू नका.

पालघर जिल्ह्यात विक्रमगड, जव्हार, मोखाडा या भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या बागा लावल्यात आणि तिथल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात. त्यांचं घर त्या कळ्यांवर चालतं. आपल्याला चार कुंड्यांत वेणीपुरती फुलं मिळाली तरी आनंद.

गावाला जाताना

चार-आठ दिवस वारीला, माहेराला, लग्नाला जायचं असलं की कुंड्यांची काळजी लागते. दोन युक्त्या सांगते.

एक, संक्रांतीचं सुगड. वाण लुटून झाल्यावर घरात सुगडं पडून असतात. एक सुगड पाण्यानं भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून दमट लागलं तर ते पाझरतं, कामाचं आहे. रंग फासलेलं असेल तर पाझरणार नाही. पाझरणारं सुगड मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर खापर झाका. माती जशी सुकते तसं सुगड पाणी सोडतं. शेतात मडकं पुरून वेलाला पाणी देतात, त्याचंच हे छोटं रूप. झाकण मात्र विसरू नका, नाहीतर डास होतील.

दुसरी, चिंधी. जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी फाडा, भिजवा, पिळा. एक टोक भरलेल्या बादलीच्या तळाला जाईल असं सोडा, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं पुरा. बादली विटांवर थोडी उंच ठेवा आणि झाका. दिव्याची वात तेल ओढते तशी चिंधी पाणी ओढते. नायलॉनची साडी चालणार नाही. जायच्या आधी दोन दिवस करून बघा, म्हणजे किती पाणी उतरतं ते कळेल.

थोडा हिशोब

हिशोब नाही म्हटलं होतं, पण हा एक करतेच. आमच्या दारात बारा कुंड्या. पूर्वी सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीला एक तांब्या, तांब्यात साधारण एक लिटर. म्हणजे दिवसाला २४ लिटर, जवळजवळ दोन हंडे. आता हिवाळ्यात तीन दिवसांतून एकदा दीड तांब्या, म्हणजे एका वेळी १८ लिटर, दिवसाला सहा. भर उन्हाळ्यातसुद्धा रोज बारा-तेरा लिटरच्या वर जात नाही, कारण कोणती कुंडी सुकली ते बघूनच घालते. उन्हाळ्यात रोज एक हंडा वाचतो. तो हंडा कुणीतरी बाईच आणते, हे वेगळं सांगायला नको.

आईचा मोगरा गेल्यावर मला कळलं की तिनं तसंच एक रोप माझ्या धाकट्या बहिणीलाही दिलं होतं. मी तिच्याकडं जाऊन फांदी दाबून आले आणि चार महिन्यांनी रोप घेऊन आले. या वेळी भोकं आबांनी पाडली, मोठी आणि पाच. आता तीन उन्हाळे झाले. अजूनही मे महिन्यात एखादं पान पिवळं दिसलं की माझा हात तांब्याकडं जातो. मग मी तांब्या खाली ठेवते आणि आधी बोट घालते.

येत्या आठवड्यात तुम्ही एवढंच करा. दारातल्या प्रत्येक कुंडीच्या तळाला हात लावून भोक मोकळं आहे का बघा, ताटल्या घासा, आणि सात दिवस बोट घातल्याशिवाय पाणी घालू नका. गटाच्या पुढच्या मीटिंगला कुणाचं किती पाणी वाचलं ते सांगा. आणि ज्यांच्याकडं मोगरा असेल, त्यांनी फांदी दाबून ठेवा. एकीकडं एकच रोप असणं बरं नाही. दोघीतिघींकडं असलं, तर एकीचं गेलं तरी परत मिळतं.

रामराम.